डॉग पार्कमध्ये पट्टा सोडताना

पुण्या-मुंबईकडे ‘डॉग पार्क’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खासगी असतं. शहराच्या कडेला जाळीचं कुंपण घातलेली जागा, थोडी लॉन, एखादा उथळ हौद, शेजारी बोर्डिंग किंवा ग्रूमिंगची सोय, आणि तासावर किंवा दिवसावर पैसे. महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांच्या फाटकावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ ही पाटी असतेच. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला १.३ एकरांवर खास कुत्र्यांसाठी उद्यान काढलं, तशी सार्वजनिक जागा आपल्याकडे अजून अपवादानेच सापडते.

मग पुष्कळ जण टेकडी, नदीकाठ, रिकामा प्लॉट नाहीतर चौपाटी गाठतात आणि तिथे पट्टा काढतात. ते करू नका. मोकळ्या मैदानावर आणि किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांचे ठरलेले इलाके असतात. तुमचा लाडका त्या हद्दीत धावत शिरला की चार-पाच जण एकदम अंगावर येतात, आणि चूक त्यांची नसते. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मोर असतात, सकाळी फिरायला आलेली म्हातारी माणसं असतात. शिवाय पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ शकते हे दिसत असून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हल्ली ‘मालक’ म्हटलेलं आवडत नाही, सगळे ‘पेट पेरेंट’ असतात. पण कुत्रा चावला की पोलीस मालकालाच शोधतात. तेव्हा पट्टा सुटणार तो कुंपणाच्या आतच, असं धरून पुढचं वाचा.

आधी ‘इकडे’ पक्कं करा

पार्कला न्यायच्या आधी एकच परीक्षा महत्त्वाची: दुसरा कुत्रा समोर असताना हाक मारली तर आपला येतो का? येत नसेल, तर बाकीची सगळी तयारी व्यर्थ आहे. पार्कात जे जे बिघडतं त्यातलं निम्मं वेळेवर बोलावून घेता आलं तर बिघडतच नाही.

घरात ‘ये’ हा शब्द दिवसातून शंभरदा वापरून गुळगुळीत झालेला असतो. त्यामुळे नवा शब्द घ्या: ‘इकडे’ चालेल, शिट्टीही चालेल. नियम एवढाच, की तो शब्द ऐकून आल्यावर प्रत्येक वेळी काहीतरी जबरदस्त मिळालं पाहिजे. उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढा तुकडा, आल्या आल्या लगेच. रोजचे दाणे दिलेत तर तो हिशेब करतो आणि दुसऱ्या कुत्र्याला पसंती देतो.

पहिला आठवडा घरातच: दोन-तीन मीटरवरून, दिवसातून दहा-पंधरा वेळा, घरच्यांनी आळीपाळीने. दुसऱ्या आठवड्यात जिना, पॅसेज, पार्किंग. गच्ची टाळा, चेंडूमागे कठड्यावरून उडी मारल्याचे प्रकार होतात. त्यानंतर दहा मीटरची लांब दोरी घेऊन मोकळ्या जागेत. ही दोरी हार्नेसला (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला) बांधायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याला टोकाला बसणारा झटका थेट मानेवर जातो. सुती दोरी बरी, नायलॉनची सर्रकन सुटली तर तळहात भाजतो. दोरी जमिनीवर लोळू द्या, ओढू नका. ती फक्त विम्यासारखी हाताशी असते. आता समोर तीस मीटरवर एखादा कुत्रा असताना बोलावून पाहा, मग पंधरावर. दहा हाकांपैकी नऊ वेळा तीन-चार सेकंदांत वळून आला, की कुत्रा पार्कसाठी तयार.

हे बिघडतं ते तीन कारणांनी. एक, हाक म्हणजे मंत्रपुष्पांजली होते: ‘ब्रूनो, इकडे, ब्रूनो, अरे ब्रूनो, इकडे ना’. एकदाच म्हणा, आला नाही तर जवळ जा किंवा उलट दिशेने पळा, बहुतेक कुत्रे पळणाऱ्याच्या मागे येतात. दोन, बोलावून घेऊन आंघोळ, नखं, औषध. ही कामं करायची असतील तर आपणच उठून त्याच्यापर्यंत जायचं. तीन, उशिरा आला म्हणून ओरडणं. तो उशिरा का होईना आला, आणि रागावणं त्याच्या डोक्यात ‘येण्या’ला चिकटतं.

लस, गोचीड आणि वय

पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत पार्कचं नाव काढायचं नाही. डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस आणि लेप्टो यांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या. पार्वोचा विषाणू सावलीतल्या ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणजे आजारी कुत्रा तिथे कधी येऊन गेला हे डोळ्यांना कळत नाही. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी.

लेप्टोचे पहिल्या वेळी दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी. हे गणित असं बसवा की डोस पावसाच्या आधी, म्हणजे मे महिन्यात पूर्ण होतील. जिथे सगळे एकाच भांड्यातून पाणी पितात तिथे केनेल कफ हा संसर्गजन्य खोकला पसरतो. त्याची नाकात थेंब घालायची लस मिळते, ती निदान आठवडाभर आधी द्या. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

गोचिडांसाठी महिन्याची किंवा बारा आठवड्यांची चघळायची गोळी सर्वांत कमी कटकटीची. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल तर त्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर औषध वाहून जातं आणि आपण मात्र ‘औषध घातलंय’ म्हणून निर्धास्त राहतो.

मादी माजावर आली असेल तर पहिला रक्ताचा डाग दिसल्यापासून चार आठवडे घरी. चड्डी घालून आणलेली मादीसुद्धा नको. वास चड्डीत राहत नाही, आणि तिच्यापायी नरांची जुंपते. नसबंदी न केलेला, वर्षाच्या वरचा नर काही पार्क घेतच नाहीत. फोनवर आधी विचारा.

लसीच्या पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पालिकेचा परवाना असेल तर त्याचाही. चांगल्या पार्कात दारावरच तो मागतात. पुस्तक न पाहता आत सोडणाऱ्या पार्कातून परत फिरावं, कारण तुमचं पाहिलं नाही तर आत खेळणाऱ्या दहा जणांचंही कुणी पाहिलेलं नाही.

पहिली फेरी कुत्र्याशिवाय

ज्या वेळेला नेणार त्याच वेळेला एकदा रिकाम्या हाताने जाऊन या. रविवारी सकाळी नऊचं पार्क आणि मंगळवारी सकाळी सातचं पार्क ही दोन वेगळी गावं असतात. अर्धा तास उभं राहा आणि बघा.

कुंपण पाच फुटांचं तरी हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची फट. जाळी जमिनीत पुरलेली नसेल तर पावसात माती वाहून चार-पाच इंचांचं भगदाड पडतं, त्यातून बीगल किंवा डॅशहंड आरामात निसटतो. कडेने पूर्ण एक चक्कर मारा. जाळीची तुटकी टोकं आत वळलेली नाहीत ना? हौदातून कुत्र्याला स्वतःहून बाहेर येता येईल असा उतार किंवा पायऱ्या आहेत का? सावली किती वाजेपर्यंत टिकते? दहा किलोच्या आतल्या कुत्र्यांना वेगळा भाग आहे का, आणि असला तर तो खरंच वेगळा ठेवतात का? सर्वांत शेवटी कर्मचारी: एखादा कुत्रा दुसऱ्याला छळतोय हे त्यांना दिसतं का, की ते रील काढतायत?

एका वेळी किती कुत्रे सोडतात हेही विचारा. एका टेनिस कोर्टाएवढ्या जागेत पाच-सहा ठीक आहेत, पंधरा असतील तर ती गर्दी आहे आणि गर्दीत भांडणं होणारच.

निघताना

खाणं आणि पार्क यात दोन तासांचं अंतर. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो, त्यामुळे भरल्या पोटी धावपळ नकोच. घरून थेट गाडीत, गाडीतून थेट पार्कात असं नेऊ नका. चोवीस तास फ्लॅटमध्ये कोंडलेला कुत्रा आत शिरतो तो सुतळी बॉम्बसारखा, आणि बाकीच्यांना ते रुचत नाही. बाहेर पंधरा-वीस मिनिटं पट्ट्यावर चालवा, शी-शू होऊ द्या, हुंगू द्या.

गळ्यात साधा बकलचा पट्टा आणि त्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला. चोक चेन, काटेरी पट्टा, घुंगरं, हार्नेस हे सगळं आत जाण्याआधी उतरवायचं. कारण खाली येतंच आहे.

पिशवीत: स्वतःचं पाणी दोन लिटर आणि स्वतःचं भांडं, शी उचलायच्या पिशव्या चार-पाच (दोन पुरतील असं वाटतं, पुरत नाहीत), जुना टॉवेल, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सलाईनची छोटी बाटली, गॉज. खाऊ झाकणाच्या डबीत, खिशात नको. चेंडू गाडीत राहू द्या. पार्कात दुसरं कुणी नसेल तरच काढा. एक चेंडू आणि सहा कुत्रे म्हणजे भांडणाचं आमंत्रण. लहान मुलं, विशेषतः हातात बिस्किटाचा पुडा घेतलेली, आत आणायची नाहीत.

दोन दारांमधली जागा

नीट बांधलेल्या पार्कला दोन फाटकं असतात आणि मध्ये खोलीएवढी जागा. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे घाई करू नका.

बाहेरचं फाटक लावून घ्या, कडी बसली का ते हाताने हलवून पाहा. आतून पाच-सहा कुत्रे दुसऱ्या फाटकाशी नाकं लावून उभे राहतील. त्यांच्या मालकांना सांगा, ‘जरा बोलावून घेता का?’ कुणी लाजू नये, हा पार्कातला सर्वसाधारण शिष्टाचार आहे. ते हटेपर्यंत कुत्र्याला बसवा किंवा निदान शांत उभं करा. आता हातातला पट्टा इथेच काढा. आत नेऊन मग काढू असं म्हणतात ते चुकतात: पट्ट्यावरच्या कुत्र्याला नीट वळता येत नाही, लांब सरकता येत नाही, ताणामुळे तो ताठ दिसतो, आणि मोकळ्या कुत्र्यांना तो ताठपणा धमकीसारखा वाटतो. पट्टा काढला, आतलं फाटक उघडलं, कुत्रा आत गेला की तुम्हीही लगेच आत जा आणि थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागा. तो तुमच्या मागे येतो आणि फाटकापाशी घोळका जमत नाही.

दुसरं फाटक नसेल, तर आतले सगळे लांब असताना झटकन आत शिरा आणि लगेच पट्टा काढा. पण एकेरी फाटकाच्या पार्कला मुळातच कमी गुण द्या.

पहिल्या भेटीत वीस मिनिटं पुरेत. पुढेही पाऊण तासाच्या वर नको. दमलेला कुत्रा दमलेल्या मुलासारखा असतो, किरकिर शेवटच्या दहा मिनिटांत सुरू होते.

खेळ आहे की दादागिरी

इथे मोबाइल खिशात ठेवायचा आणि पाहायचं. माणसं खुर्च्यांवर गोल करून बसली की कुत्रेही त्या खुर्च्यांभोवतीच गोळा होतात आणि तिथे धक्काबुक्की होते. त्यापेक्षा कुंपणाच्या कडेने फिरत राहा, तुमचा कुत्रा अधूनमधून तुमच्याकडे लक्ष ठेवतो आणि घोळकाही फुटतो.

खरा खेळ सैल असतो. तोंड उघडं, अंग ढिलं, उड्या गरजेपेक्षा मोठ्या, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर, नमस्कार घातल्यासारखा. राज्य बदलत राहतं: आता हा पळतो, तो मागे, मग उलट. मोठा कुत्रा मुद्दाम लोळून लहानाला वर चढू देतो. आणि मधूनच दोघं थांबतात, अंग झटकतात, जमीन हुंगतात, पुन्हा सुरू. हे थांबणं सगळ्यात चांगली खूण आहे. तीन-चार मिनिटं एकदाही न थांबता खेळ तापत चालला असेल तर तुम्हीच थांबवा.

बिघडत चाललेलं आधी तोंडावरून कळतं: उघडं तोंड एकदम मिटतं. अंग ताठ, शेपटी वर आणि काठीसारखी, किंचित थरथरणारी. (शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज पार्काबाहेर ठेवून या.) नजर एका जागी खिळलेली. हनुवटी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून उभं राहणं. जो दबलाय त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, शेपटी पोटाखाली जाते, तो मालकाच्या पायामागे किंवा बाकाखाली शिरतो. ‘जाऊ दे, शिकेल’ म्हणून त्याला तिथून बाहेर काढू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की मालक वाचवत नाही, आणि पुढच्या वेळी तो आधी चावतो.

शंका आली तर एक साधी चाचणी आहे. समजा वर्षाचा लॅब एका इंडीच्या, म्हणजे देशी कुत्रीच्या, मागे लागलाय आणि सारखा तिच्या मानेवर पंजा टाकतोय. लॅबचा मालक म्हणतो, ‘खेळतोय हो.’ तर लॅबचा पट्टा धरून त्याला दहा सेकंद थांबवा आणि इंडी काय करते ते पाहा. ती वळून आली, समोर उड्या मारायला लागली, तर खेळच होता, सोडा. ती अंग झटकून लांब निघून गेली किंवा फाटकाकडे गेली, तर तिला नको होतं. लॅबला पाच मिनिटं पट्ट्यावर फिरवायचं. यात कुणाच्या संस्कारांचा प्रश्न नाही. एका वर्षाचे लॅब असेच असतात.

सारखं अंगावर चढणं याला लोक हसतात. पहिल्यांदा हसा, दुसऱ्यांदा बोलावून घ्या. आणि तीन जण मिळून एकाच्या मागे लागले की ते कुणीही कितीही मजेत दिसले तरी लगेच मोडायचं.

वजनातला फरक हा वेगळाच धोका आहे. पाच किलोचा शिह त्झू घाबरून किंचाळत पळाला की तीस किलोच्या शांत, सभ्य कुत्र्यालाही क्षणभर तो ससा वाटू शकतो. तो मानगूट धरून एकदा झटकतो आणि संपतं. म्हणून लहान कुत्र्यांचा भाग वेगळा. वेगळा भाग नसेल तर लहान कुत्र्याला तिथे आणायचंच नाही.

दर पाच-सात मिनिटांनी तुमच्या कुत्र्याला बोलवा, पट्ट्याला हात लावा, घोळक्यापासून लांब नेऊन तुकडा द्या आणि ‘जा’ म्हणून सोडा. फक्त निघतानाच बोलावलंत, तर तिसऱ्या भेटीत त्याला कळतं की ‘इकडे’ म्हणजे खेळ खल्लास.

जुंपली तर

बहुतेक भांडणं आवाजच असतात; तीन-चार सेकंदांत दोघं सुटे होतात. टाळी, मोठा आवाज, तोंडावर बादलीभर पाणी, मध्ये प्लास्टिकची खुर्ची किंवा फळी. हात मध्ये घालायचा नाही, गळ्यातला पट्टा धरायचा नाही. त्या एका क्षणात आपलाच कुत्रा आपल्याला चावू शकतो.

तरीही सुटले नाहीत तर दोन माणसं लागतात. दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे, हातगाडीसारखे, आणि मागे सरकत गोल वळायचं. वळत राहिलं की कुत्र्याला मान फिरवून तुमच्या हातापर्यंत पोचता येत नाही. एकाने आधी उचललं तर दुसरा कुत्रा बिनधास्त हल्ला करतो, म्हणून ‘एक, दोन, तीन’ म्हणा. एखाद्याने दात रुतवून धरून ठेवलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं. पाणी, आणि तोंड सैल होईपर्यंत घट्ट धरून थांबणं.

भांडणासारखा दिसणारा दुसरा प्रकार त्याहून भयंकर: खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात किंवा हार्नेसमध्ये अडकतो. तो घाबरून गोल फिरतो, पीळ बसतो, खालच्याचा गळा आवळतो. आवाज किंचाळण्याचा आणि मग एकदम बंद. त्यांना लांब ओढलंत तर फास आवळतो. उलट दोघांना एकमेकांकडे ढकला, उलट्या दिशेने फिरवून पीळ सोडवा आणि बकल काढा. बकल सापडलं नाही तर पट्टा कापा. पिशवीत कात्री आणि अंगावर साधा पट्टा यासाठी.

भांडण मिटल्यावर दोघांना पट्टे लावून लांब न्या आणि केस बाजूला करत मान, काख, जांघ बोटांनी चाचपा. सुळ्याचं भोक बाहेरून मसुराएवढं दिसतं, आत मात्र खोल जातं. वरचं तोंड मिटतं आणि दोन-तीन दिवसांनी पू होऊन गाठ येते. सलाईनने धुवा, त्याच दिवशी डॉक्टर. लहान कुत्र्याला मोठ्याने झटकलं असेल तर जखम दिसत नसली तरी लगेच दवाखाना, आतून इजा असू शकते. लसीच्या पुस्तकांचे फोटो एकमेकांना पाठवा, कुणाची चूक हे नंतर.

माणसाला दात लागला तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांना ठरवू द्या, आणि चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा.

उन्हाळा, पाऊस आणि कुसळं

मार्च ते जून सकाळी साडेसातच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर. तळहाताची पाठ जमिनीवर सात सेकंद टेकवा. नाही टेकवता आली तर त्याचे पंजेही टेकणार नाहीत. कृत्रिम लॉन तर डांबरासारखी तापते. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांना या दिवसांत धावायला नेऊच नका, त्यांच्या चपट्या नाकातून अंग थंड होत नाही.

जीभ रुंद होऊन टोकाला वळली, लाळ चिकट झाली, हिरड्या विटेसारख्या लाल, पाय अडखळायला लागले, की ऊष्माघात समजा. सावलीत घेऊन अंगभर, विशेषतः पोट आणि जांघेत, साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. आधी थंड करा, मग एसी लावून दवाखान्याकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याच्याखाली उष्णता कोंडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ वर आलं की पाणी थांबवा.

पावसात साचलेल्या पाण्याचं प्रत्येक डबकं म्हणजे उंदराच्या मुताची, पर्यायाने लेप्टोची शक्यता. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे शी उचलताना, पंजे धुताना हाताला जखम असेल तर हातमोजे. भेक तोंडात धरला तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो: मान खाली करून, पाणी घशात जाणार नाही असं बाजूने सोडून तोंड धुवा आणि हिरड्या ओल्या फडक्याने पुसत राहा. अडखळायला किंवा थरथरायला लागला तर दवाखाना. गुडघ्याएवढं गवत असलेल्या पार्कात घोणस, फुरसं असू शकतं. गवत कापलेलं नसेल तर आत सोडू नका.

दसऱ्यानंतर गवत वाळलं की कुसळं सुरू होतात, आणि हा त्रास लोक फार हलक्यात घेतात. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की कुत्रा एकच पंजा चाटत बसतो. कानात गेलं की डोकं एका बाजूला तिरकं करून झटकतो. नाकात गेलं की एकामागून एक शिंका. बेचक्यातलं दिसत असेल तर चिमट्याने काढा, कानातलं आणि नाकातलं स्वतः उकरू नका. गोल्डन, कॉकर अशा केसाळांचे बोटांमधले आणि कानाखालचे केस ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कापून घ्या.

पुण्यात गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो. आवाजाला घाबरणारा कुत्रा असेल तर आसपासच्या पार्कात सकाळीच जा. दिवाळीच्या आठवड्यात मात्र कुंपण कितीही उंच असो, पट्टा सोडू नका. एका फटाक्याला पाच फुटांची जाळी ओलांडली जाते.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडं

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला मेरीमूर पार्कात नदीकाठची सुमारे चाळीस एकर जागा पट्टा सोडण्यासाठी आहे. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात रिचमंडला पॉइंट इझाबेल आहे. तिथे दारावर लसीचं पुस्तक पाहणारं कुणी नसतं, म्हणून स्वतःच्या कुत्र्याचं संरक्षण पूर्ण हवं. परवान्याचा बिल्ला गळ्यात लागतो. जागा मोठी आणि सगळीकडे बंदिस्त नाही, तेव्हा ‘इकडे’ची परीक्षा इथे आणखी कडक घ्या. अमेरिकेच्या वायव्येकडच्या नद्यांकाठी पडलेला कच्चा सामन मासा खाऊ देऊ नका. त्यातल्या परजीवीमधून होणारा आजार साधारण आठवड्याने ताप-उलट्या घेऊन येतो आणि उपचार झाले नाहीत तर कुत्रा दगावतो. कॅलिफोर्नियातले फॉक्सटेल म्हणजे आपली कुसळंच, फक्त ती उन्हाळ्यात येतात.

घरी आल्यावर

दारातच पंजे धुवून बेचक्या कोरड्या करा. मग कानाच्या आत, कानामागे, गळ्याच्या पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली बोटं फिरवून गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढा; रॉकेल, मेणबत्ती, तेल लावू नका, आणि नखांनी चिरडू नका. पहिला अर्धा तास थोडं थोडं पाणी, खाणं तासाभराने.

त्यानंतर तीन आठवडे लक्ष राहू द्या. पार्कात चिकटलेल्या गोचिडीचा ताप एक ते तीन आठवड्यांनी वर येतो: आधी खाणं कमी, मग मलूलपणा, १०३ च्या पुढे ताप, पोटावर बारीक लाल ठिपके. ठिपके दिसले किंवा नाकातून रक्त आलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गोचीड होती हे सांगून प्लेटलेटची तपासणी करून घ्या.